खुंट, डोळा आणि अकरा प्रकाशवर्षं

विज्ञानकथेसाठी परग्रहवासी घडवायला बसलं की हात आधी चेहऱ्याकडे जातो. डोळे किती, कातडी कोणत्या रंगाची, बोटं चार की सहा. आमचे पहिले दोन खर्डे असेच झाले आणि दोन्ही टाकून द्यावे लागले. चेहऱ्यामागे ग्रह नव्हता. ग्रह नसला की पुढची प्रत्येक गोष्ट मनाने ठरवावी लागते आणि मनाने ठरवलेल्या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात एकमेकींच्या अंगावर येतात. तिसऱ्या खर्ड्याला आम्ही उलट्या टोकाने निघालो: तारा, ग्रह, हवा, शरीर, भाषा आणि सगळ्यात शेवटी जहाज. काम नाशिकमध्ये चाललेलं, त्यामुळे द्राक्षबागेतले शब्द आत शिरले आणि नंतर त्यांनीच सगळी संस्कृती उभी केली.

ताऱ्याच्या बाबतीत दोन मोह सोडावे लागतात. सूर्यासारखा तारा घेतला की नावं बदललेली पृथ्वीच हाती येते. लाल बटू तारे आकाशगंगेत सगळ्यात जास्त, पण त्यांची ऊब इतकी कमी की राहण्याजोगा ग्रह अगदी जवळ फिरतो. मग त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी, आणि असे बरेच तारे भडकेही फार मारतात. आम्ही मधला नारिंगी तारा घेतला, सूर्याच्या 0.7 पट वस्तुमानाचा. पुढचं गणित साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. वस्तुमान चार वेळा स्वतःशी गुणलं की साधारण तेज मिळतं: 0.24. तेजाचं वर्गमूळ काढलं की ग्रहाचं सोयीचं अंतर मिळतं: पृथ्वी-सूर्य अंतराच्या 0.49 पट. अंतराचा घन, भागिले ताऱ्याचं वस्तुमान, त्याचं वर्गमूळ म्हणजे वर्ष: पृथ्वीच्या 0.41 पट, म्हणजे 150 दिवस.

या 150 दिवसांनी आम्हाला जितका त्रास दिला तितका कशानेच दिला नाही. पहिल्या मजकुरात ‘शंभर वर्षांचा म्हातारा’ होता. हिशेब केला तर तो आपल्या मापाने एक्केचाळीस वर्षांचा निघाला. ‘वीस वर्षांची तरुणी’ आठ वर्षांची. उपाय एकच: तक्त्यात प्रत्येक काळासाठी दोन रकाने ठेवायचे, पृथ्वीवर्षं आणि तिथली वर्षं, आणि कथेत कुठला वापरायचा ते पहिल्याच पानावर ठरवून टाकायचं. इथे जिथे नुसतं ‘वर्ष’ म्हटलं आहे तिथे पृथ्वीवर्षच समजावं.

ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या 2 पट आणि त्रिज्या 1.25 पट. गुरुत्व म्हणजे वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग, म्हणून 1.28. साठ किलोच्या माणसाला तिथे सत्त्याहत्तर किलोचा भार जाणवेल. इथे नवख्यांची नेहमीची चूक अशी, की ‘दुप्पट मोठा ग्रह’ म्हणून वस्तुमानही दुप्पट आणि त्रिज्याही दुप्पट लिहून मोकळं व्हायचं. तसं केलं तर घनता पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्यावर येते, पाण्याच्या जेमतेम 1.4 पट, तो खडकाचा ग्रह राहतच नाही. वस्तुमान भागिले त्रिज्येचा घन, हे उत्तर 1 च्या जवळपास आलं की पुढे जावं. आमचं 1.02 आलं.

हवा पृथ्वीच्या तिप्पट दाबाची ठेवली, कारण काहीतरी तरंगणारं हवं होतं. एवढ्या दाट हवेत आणि एवढ्या गुरुत्वात उडायला लागणारा किमान वेग पृथ्वीच्या 0.65 पट होतो. चार किलो वजनाचा, अर्धा चौरस मीटर पंखाचा जीव पृथ्वीवर ताशी 38 किलोमीटरच्या खाली आला की कोसळेल. तिथे तो 25 वरही तरंगतो. म्हणजे गुरुत्व जास्त असूनही उडणं सोपं. हे उत्तर आल्यावर शरीराची अर्धी दिशा ठरली.

मग प्राणवायूने घोळ घातला. दाब तिप्पट, म्हणून प्राणवायू 7 टक्के ठेवला की माणसाला श्वासाला नेमका पृथ्वीइतका मिळेल, असा आमचा हुशार हिशेब होता. श्वासाला तो पुरतो, पण चूल पेटत नाही. फुप्फुसाला प्राणवायूचा दाब लागतो. जाळाला त्याचं हवेतलं प्रमाण लागतं, कारण बाकीचा 93 टक्के वायू उष्णता पिऊन टाकतो. जाळ नाही तर भट्टी नाही, भट्टी नाही तर धातू नाही, आणि धातूवाचून जहाज कुठून येणार? शेवटी प्रमाण 18 टक्के केलं. आता प्राणवायूचा दाब पृथ्वीच्या सगळ्या हवेच्या दाबाच्या 0.54 पट झाला, म्हणजे आपल्या प्राणवायूच्या अडीच पट. भट्ट्या पेटल्या, पण माणूस तिथे मुखवट्याशिवाय काही दिवस राहिला तर फुप्फुसं सुजतील. कथेत माणसं आणायची असतील तर हे लक्षात ठेवून आणावीत. एक सूचना जाता जाता: दाट हवेत आवाज वेगाने जातो असं लिहू नये. आवाजाचा वेग तापमानावर आणि वायूच्या रेणूंच्या वजनावर ठरतो, दाबावर नाही.

अख्खा ग्रह वाळवंटी किंवा अख्खा जंगलाचा करण्याची खोड फार जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात भाताची आवणी आणि टँकर दोन्ही. एवढ्या मोठ्या ग्रहाला एकच ऋतुमान देणं म्हणजे आळस. आम्ही तीन पट्टे केले आणि कामापुरतं तेवढं पुरलं.

शरीराकडे यायला असा वेळ गेला, पण तोवर ते अर्धं तयारच होतं. समुद्रातले काही जीव पिल्लूपणी पोहतात आणि मोठे झाले की खडकाला चिकटून जन्म काढतात. समुद्रपिचकारी नावाचा प्राणी तर एकदा बसला की स्वतःचा छोटा मेंदूही बहुतेक पचवून टाकतो. हलायचंच नाही तर तो हवा कशाला? आम्ही हे उलटं केलं. पिल्लू उडतं, पण त्याचा मेंदू बेताचा. मोठं झालं की ते रुजतं आणि रुजल्यावर मेंदू वाढतो. कारण ऊर्जेचा हिशेब. माणसाचा मेंदू शरीराच्या दोन टक्के वजनाचा, पण खर्चाचा पाचवा वाटा खातो, साधारण 20 वॅट. चार किलोच्या उडत्या जिवाला तो परवडत नाही.

रुजलेल्याला तरी परवडतो का? माणसाच्या सगळ्या शरीराला सरासरी 100 वॅट लागतात. दिवस-रात्र धरून उन्हाची सरासरी चौरस मीटरला 200 वॅट घेतली आणि पानाने त्यातला एक टक्का पकडला, तर हाती येतात 2 वॅट. म्हणजे विचार करणाऱ्या झाडाला 50 चौरस मीटरचा मांडव हवा. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या द्राक्षाच्या एका वेलीला सव्वाचार चौरस मीटरच्या आत जागा मिळते. म्हणजे बारा वेलींची जागा एका डोक्याला. एकरात ऐंशी जण. लाखभर लोकवस्तीचं गाव पाच चौरस किलोमीटरच्या खाली बसत नाही, तेही वाटा न सोडता. ‘चालणारी, बोलणारी, पानांवर जगणारी माणसं’ ज्यांनी कुणी लिहिली त्यांनी हा भागाकार केलेला नसतो.

इथे बाग कामाला आली. नाशिककडे द्राक्ष स्वतःच्या मुळावर क्वचितच असतं. खाली डॉगरिजसारखा काटक खुंट, म्हणजे मुळांचं झाड, क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारा. त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे काडीवरचा फुटणारा अंकुर, भरायचा, म्हणजे कलम करायचा. खुंट ताकद देतो, फळ मात्र डोळ्याच्या जातीचंच येतं. आमच्या जीवाला हाच नियम लावला. उडतं पिल्लू म्हणजे ‘डोळा’. साधारण बारा वर्षांनी ते एकतर मोकळ्या जमिनीवर रुजतं किंवा जुन्या खुंटावर भरलं जातं. मोकळ्यावर रुजलं तर मांडव पुरा व्हायला आठ वर्षं. खुंटावर भरलं तर दोन, आणि वर जुन्या मुळांची आठवण थोडी झिरपते. खुंटाचं आयुष्य चारशे वर्षं. कलम कधी कधी धरत नाही. बागेत असा सांधा वरून नीट दिसतो आणि काही वर्षांनी वाऱ्यात मोडतो. इथे आम्हाला आयतं राजकारण मिळालं: कोणत्या घराण्याचा डोळा कोणत्या खुंटावर, आणि सांधा मोडला तर दोष कुणाचा.

‘डोळा’ या शब्दाने एक गंमत केली. बागायती भागातल्या वाचकांना तो लगेच कळला. बाकीच्यांनी ‘दोन डोळे उडत आले’ हे वाक्य वाचून भलतंच चित्र डोक्यात आणलं. म्हणून पहिल्या उल्लेखालाच बागेचा संदर्भ द्यायचा असं ठरलं.

जातीचं नाव ठेवताना मराठीची एक कसोटी आपोआप लागते: नावाला विभक्ती चालली पाहिजे. चार जोडाक्षरं आणि मध्ये दोन स्वल्पविराम अशा नावाला ‘ने’, ‘ला’, ‘चा’ लावून बघावं, लेखक स्वतःच दमतो. आम्ही ‘वेमळ’ घेतलं. वेमळाने, वेमळांचा, वेमळांमध्ये, कुठे अडत नाही. लिंगही ठरवावंच लागतं, आणि त्याचाही फायदा झाला. लेकरू, पिल्लू, वासरू यांच्यासारखं डोळ्याच्या वयात ते ‘ते वेमळ’, रुजल्यावर ‘तो वेमळ’. एका प्रत्ययात वय सांगून होतं.

वेमळांची भाषा दोन वेगांची आहे. डोळे शीळ घालतात. खुंट मुळांतून बोलतात, आणि मुळातला संदेश सेकंदाला एक सेंटिमीटर धरला तर पन्नास मीटरवरच्या शेजाऱ्याला एक वाक्य पोचायला त्र्याऐंशी मिनिटं लागतात. होकार यायला तेवढीच. म्हणजे एका बैठकीत चार वाक्यं. त्यांच्या व्याकरणात खुंटाला प्रथमपुरुषी ‘जाणे’ नाही, ‘पाठवणे’ आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद मराठीत आहेच. तो तिथे तिप्पट केला: माझ्या मुळापर्यंतचे आपण, वाडीपर्यंतचे आपण, आणि ज्यांच्यापर्यंत मूळ पोचत नाही ते आम्ही. तिसरा शब्द जहाजांच्या काळात जन्मला, कारण त्याआधी त्याची गरज नव्हती. मापंही अशीच अंगणातून घ्यावीत. नाशिकला गोदेचा पूर काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून सांगितला जातो, मीटरचा आकडा नंतर येतो. वेमळांचं उंचीचं माप आहे ‘कोवळी फूट’, वजनाचं ‘ओला डोळा’. हे काम अर्ध्या तासात होतं, लांबवू नये.

आता जहाज. आधी ग्रहावरून वर जाणंच महाग. कक्षेतला वेग पृथ्वीसाठी सेकंदाला 7.9 किलोमीटर, इथे तो वस्तुमान भागिले त्रिज्येच्या वर्गमुळाने गुणायचा, म्हणजे 10. हवेची आणि चढाची घट धरून पृथ्वीवर 9.4 लागतात, इथे 12 धरले. रासायनिक इंधनाचा वायू सरासरी 3.5 किलोमीटर वेगाने बाहेर पडतो असं घेतलं तर पृथ्वीवर एका टनासाठी जमिनीवरून साधारण 15 टनांचं रॉकेट उठतं, इथे 31 टनांचं. म्हणून वेमळ अवकाशात उशिरा गेले, आणि एकदा गेल्यावर जहाज बांधायला लागणारं सगळं ग्रहाभोवतीच्या चंद्रावरून उचललं. ग्रहावरून फक्त डोळे आणि बी.

वेगाचा मोह सगळ्यात वाईट. व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला 17 किलोमीटरने चाललं आहे; त्या गतीने सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी, 4.24 प्रकाशवर्षांवरचा, गाठायला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. म्हणून लेखक उडी मारून प्रकाशाच्या निम्म्या वेगावर जातो. आम्ही पाच टक्क्यांवर थांबलो. हजार टनांच्या जहाजाला तेवढा वेग द्यायला लागणारी ऊर्जा आज सगळं जग वर्षभरात वापरतं तिच्या पाचव्या हिश्श्याएवढी आहे, आणि ती नुसत्या जहाजाची. सोबतचं इंधन ढकलायची वेगळी. शिवाय थांबायचं आहे, हे लोक विसरतात. इंजिनाचा वायू प्रकाशाच्या तीन टक्के वेगाने बाहेर पडतो असं धरलं तर नुसतं निघायला वजनाचं प्रमाण 5.3 येतं. थांबायचंही म्हटलं की दुप्पट होत नाही, वर्ग होतो: 28. हजार टन पोचवायला अठ्ठावीस हजार टन निघतात. या वेगाला एक मिलिग्रॅम धूळ आदळली तर स्फोट सत्तावीस किलो टीएनटीचा, म्हणून हजारातले तीनशे टन पुढच्या ढालीला.

पहिली वसाहत अकरा प्रकाशवर्षांवर, म्हणजे 220 वर्षांचा प्रवास. डोळ्याचं उडतं आयुष्य बारा. झोपवून नेण्याशिवाय इलाज नाही, आणि वेलीचा डोळा झोपतोच. इस्राएलमध्ये मसाडाच्या उत्खननात मिळालेलं सुमारे दोन हजार वर्षांचं खजुराचं बी 2005 मध्ये रुजलं, तेव्हा 220 वर्षं फार नाहीत. खरा प्रश्न जागं होण्याचा. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागायतदार काडीवर हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात, तरीही फूट मागेपुढे होते. जहाजावर दोन हजार डोळे भरले आणि साठ टक्के फुटतील असं धरलं. बाराशे.

इथे आमच्या आराखड्यातलं सगळ्यात मोठं भोक सापडलं, तेही सगळं लिहून झाल्यावर. बाराशे डोळे उतरले. त्यांचं रुजायचं वय व्हायला बारा वर्षं, मांडव पुरा व्हायला आठ. म्हणजे पहिली वीस वर्षं त्या ग्रहावर पूर्ण विचार करू शकणारं एकही डोकं नाही! खुंटाच्या काड्या सोबत न्याव्यात तर काडी रुजते, पण तिच्यात आठवण नसते. संगणकावर सोपवावं तर मग वेमळ कशाला हवेत. बराच खल झाल्यावर तीन खेपांत उठवायचं ठरलं. पहिल्या चारशे जणांनी उतरायचं, चुकतमाकत जगायचं, रुजायचं. जहाज वर फिरत राहील. वीस वर्षांनी दुसरी खेप उतरेल आणि या नव्या खुंटांवर भरली जाईल, मग तिसरी. त्या पहिल्या चारशेंना मुळातली आठवण कुणाचीच नाही. त्यांची भाषा शिट्ट्यांपासून नव्याने बनते. सगळ्या वसाहतींच्या पुराणकथा याच पिढीच्या, आणि मूळ ग्रहावर याच पिढीला शब्दच नाही.

भाषा किती तुटते याचा अंदाज घ्यायला लांब जायला नको. 220 वर्षांपूर्वीचे पेशवाईतले मोडी कागद वाचायला आज वर्ग लावावा लागतो, आणि पांडवलेण्यातला प्राकृत लेख तर अभ्यासकांनी वाचून दाखवल्याशिवाय कळत नाही. तरी आपल्याकडे पिढ्यांची साखळी कधी तुटली नव्हती. तिथे ती तुटलेली आहे.

राज्य म्हणाल तर साम्राज्य शक्यच नाही. हुकूम पोचायला अकरा वर्षं, ‘जमणार नाही’ हे कळायला आणखी अकरा. आणि रुजलेला परत येत नाही, त्यामुळे राज्यपाल, सैन्य, खंडणी सगळं बाद. माल पाठवणं तर वेडेपणा. देवाणघेवाण होते ती फक्त माहितीची: रोगाचा उपाय, धातूची कृती, कलमांची वंशावळ. उधारी चालत नाही, कारण दिवाळखोरी कळायलाच दशक जातं. वेमळ आधी देऊन टाकतात आणि विसरतात.

त्यांना बांधून ठेवतो तो एक सोहळा. सिंहस्थ गुरूच्या राशीवर ठरतो, आणि गुरूची फेरी बारा वर्षांची नसून 11.86 वर्षांची आहे. म्हणून कधीतरी अकराव्या वर्षीच कुंभ येतो, हरिद्वारला 2010 नंतर 2021 ला आला तसा. वेमळांच्या आकाशात, ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या 2.5 पट अंतरावर, एक मोठा वायुग्रह ठेवला. त्याची फेरी 4.72 वर्षं, तिथल्या मापाने साडेअकरा. म्हणजे पर्वणी एकदा अकरा तिथल्या वर्षांनी, एकदा बारांनी. मूळ ग्रहावर कुणी वर बघितलं तरी कळतं. अकरा प्रकाशवर्षांवरच्या आकाशात तो ग्रह नुसत्या डोळ्याला दिसणारच नाही, तिथे फक्त मोजदाद.

आणि मोजदाद चुकते. प्रकाशाच्या पाच टक्के वेगाला घड्याळ अगदी किंचित मागे पडतं, हजारात सव्वा. पण 220 वर्षांत ते शंभर दिवस होतात. आपल्याला शंभर दिवस काहीच नाहीत. ज्यांचं वर्षच दीडशे दिवसांचं, त्यांच्या पंचांगात दोन-तृतीयांश वर्षाचा फरक. वसाहतीत म्हणून दोन पंथ: एक जहाजाच्या घड्याळाने पर्वणी धरतो, कारण झोपलेल्या पूर्वजांनी तेच वर्ष जगलं, दुसरा मूळ ग्रहावरून संदेश आला की त्यातल्या तारखेत अकरा वर्षं मिळवून. दर पर्वणीला दोन ध्वज उभे राहतात, शंभर दिवसांच्या अंतराने, आणि मधल्या काळात कलमं भरत नाहीत. तिसऱ्या वसाहतीचं पंचांग अजून बाकी आहे. तिथलं जहाज वाटेत एका ताऱ्यापाशी इंधन घ्यायला वेग उतरवून पुन्हा निघालं, त्यामुळे घड्याळाची घट टप्प्याटप्प्याने मोजावी लागते, आणि तो रकाना तक्त्यात सध्या रिकामा आहे.